कमानीवर काय लिहायचं?

लहानपणी आम्हाला गावच्या विहारात शिकवणारे आप्पा गेले त्याला येत्या पौषात वर्ष होईल. मागच्या महिन्यात गावाहून भाच्याचा फोन आला. (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.) "फुई, आप्पांच्या नावाची कमान फायनल झाली. तुमच्या नावापुढे अकरा हजार धरलेत." विचारलं नव्हतं, कळवलं होतं. आमच्याकडे नातं आणि नोकरी पाहून आकडा धरतात, त्यात वावगं काही नाही. देते म्हटलं. मग सहज विचारलं, कमानीवर नावाखाली काय लिहिणार? पलीकडे जरा वेळ शांतता.

"समाजभूषण लिहू ना. दुसरं काय?"

हे "दुसरं काय" काही केल्या डोक्यातून जाईना. चोपड्याहून चाळीसगावला जा किंवा धुळ्याहून शहाद्याला, दर पाच-दहा मैलांवर कमान लागते. खाली फ्लेक्स. प्रेरणास्थान, आधारवड, दीपस्तंभ. (खानदेशात समुद्र नाही, पण दीपस्तंभ गावोगावी आहेत.) मास्तर गेला, सरपंच गेला, सोसायटीचा चेअरमन गेला, फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयार असतो. फोटो तेवढा बदलायचा. यातले शब्द खोटे नसतात, पण कुणालाही लागू पडतात, आणि जे कुणालाही लागू पडतं ते त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

माझं म्हणणं आधीच मांडून टाकते. गुरूबद्दलची आपली जाहीर कृतज्ञता बहुतेक वेळा न माहीत असण्यावर उभी असते. त्या माणसाने नेमकं काय केलं हे कुणी विचारत नाही, कुणी लिहून ठेवत नाही, आणि न विचारताच आपण त्याला मोठा करतो. बाकीच्यांनी काय करावं ते त्यांनी ठरवावं. पण बुद्धाला शास्ता, म्हणजे शिकवणारा, म्हणणाऱ्यांनी तरी हे चालवून घेऊ नये, कारण आपल्याकडे कृतज्ञतेचा अर्थच वेगळा सांगितलेला आहे.

मराठीत आपण "कृतज्ञ" शब्द इतका वापरतो की त्यातला "ज्ञ" ऐकू येईनासा झालाय. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. पालीत तोच शब्द "कतञ्ञू", आणि त्याला जोडून लगेच दुसरा येतो, "कतवेदी", म्हणजे जे जाणलं ते कळवणारा, कृतीत आणणारा. अंगुत्तर निकायात बुद्ध म्हणतात की जगात दोन माणसं दुर्मीळ आहेत. एक, आपण होऊन आधी उपकार करणारा. दुसरा, तो जाणणारा आणि जाणलेलं कळवणारा. दुसऱ्याचं काम पहिल्याइतकंच अवघड, म्हणून दोघांना एका ओळीत बसवलंय. डोळ्यांत पाणी आणणं त्यामानाने सोपं आहे. पाचव्या मिनिटाला भाषणात येतंच.

आता आप्पांनी काय केलं ते सांगते.

आप्पा जिनिंगमध्ये मापाडी होते. बोरीकाठच्या आमच्या गावाहून सायकलने पाऊण तास. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम, तेवढे दिवस काट्यावर उभं राहायचं, गाडी तोलायची, आकडा मोठ्याने म्हणायचा. उरलेलं वर्ष मिळेल ती मजुरी. शिक्षण सातवी. बाबासाहेबांनी 1955 साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या शिबिरात जाऊन ते बौद्धाचार्य झाले होते, त्यामुळे पांढरा सदरा-पायजमा घालून पंचक्रोशीतली लग्नं, नामकरणं, पुण्यानुमोदन ते करायचे. आणि रोज संध्याकाळी साडेसातला विहारात पोरं गोळा करायचे. विहार म्हणजे तेव्हा वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि एक ट्यूबलाइट. ती लागेपर्यंत अर्धी वंदना होऊन जायची.

वंदना पाठ सगळ्यांनाच असते. आप्पांकडे पाठ असून भागायचं नाही. पंचशीलाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी समादियामि येतं. "समादियामि म्हणजे काय?" विचारायचे. कुणी म्हणायचं, नमस्कार करतो. कुणी म्हणायचं, शपथ घेतो. ते मान हलवत राहायचे. मग फोड करून सांगायचे: वेरमणी म्हणजे अलिप्त राहणं, सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नेम, समादियामि म्हणजे मी अंगावर घेतो. कुणी घ्यायला लावलेलं नाही, मी घेतलंय. पुढे ते वाक्य आम्हाला अहिराणीत म्हणायला लावायचे. अहिराणीत म्हणताना पोपटपंची चालत नाही. घरी आईशी ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत "मी खोटं बोलणार नाही" म्हणायचं म्हटलं की जीभ अडखळते. मला ती अडखळ अजून आठवते.

त्यांची दोन वाक्यं होती. पहिलं काट्यावरचं. पोरगं घाईघाईत उत्तर द्यायला लागलं की म्हणायचे, "काटा थांबू दे." झुलत्या काट्यावर आकडा म्हणणारे मापाडीही असतात आणि त्यांच्यावर व्यापारी खूश असतो, हे आम्हाला फार उशिरा समजलं. दुसरं वाक्य होतं, "कोनी सांगं? तू पाह्यं का?" कोणी सांगितलं? तू पाहिलंस का?

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. मी आठवीत होते. सकाळीच बातमी आली की गणपती दूध पितोय. शाळा अर्धी रिकामी, देवळापुढे वाट्या घेऊन रांग. ज्यांच्या घरी सकाळच्या चहाला दूध नव्हतं तेही कुठून तरी पेलाभर घेऊन आलेले. संध्याकाळी विहारात दुसरा विषयच नव्हता. आप्पा हंगामाआधीच्या साफसफाईवरून आले होते, कपड्यांना सरकी चिकटलेली. त्यांनी नेहमीचं विचारलं, कोनी सांगं, तू पाह्यं का. या वेळी चार-पाच जणांनी हात वर केले. पाहिलं म्हणाले, चमच्यातलं दूध खरंच गेलं.

आप्पा चिडतील असं मला वाटलं होतं. बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावतील, झापतील. ते म्हणाले, घरून वाटीभर दूध आन आणि एक चमचा. मी आणलं. त्यांनी चमचा भरला आणि विहारातल्या बुद्धाच्या मूर्तीच्या ओठाला लावला.

दूध उतरायला लागलं.

कुणी श्वास घेत नव्हतं. दाराशी बसलेल्या एका आजीने तर हात जोडले. चमचा रिकामा झाला. दुसरा भरला, तोही रिकामा झाला. मग आप्पांनी बॅटरी मागितली, मूर्तीच्या हनुवटीखाली उजेड धरला आणि मला म्हणाले, हात लाव. ओलं होतं. दुधाची पातळ रेघ गळ्यावरून, छातीवरून, पांढऱ्या दगडावर पांढरीच म्हणून न दिसता खाली आली होती आणि मांडीवर ठेवलेल्या हातांच्या ओंजळीत साठली होती. पृष्ठताण हा शब्द आप्पांना माहीत नव्हता, मला अकरावीत भेटला. त्याच दिवशी दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच दाखवलं हेही नंतर कळलं. आप्पांकडे रंग नव्हता, बॅटरी होती. मग त्यांनी मला ओलं फडकं दिलं. "पुसी काढ. मुंग्या लागतीन."

त्या रात्री मी काय शिकले याचा विचार पुढे खूप केला. दुसऱ्याच्या देवळात जाऊन दुसऱ्याच्या देवाची परीक्षा घेणं सोपं होतं, निदान आमच्यातल्या काही तरुणांना त्याची खुमखुमी होती. आप्पांनी परीक्षा घेतली ती आपल्या मूर्तीची, आपल्या पोरांसमोर, आणि हात जोडणाऱ्या आपल्या म्हातारीसमोर. तिला ते एक शब्द बोलले नाहीत. आज मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे शेवटचे दोन अंक हलत असताना नवीन मुलं आकडा लिहून मोकळी होतात. मी त्यांना थांबवते. त्यांना वाटतं मॅडम खडूस आहेत. त्या आकड्यावर कुणाच्या तरी चार एकरांचं खत ठरणार असतं.

तर "केलेलं जाणणं" म्हणजे मला हे म्हणायचंय. वाटी, चमचा, बॅटरी, फडकं. हे "समाजभूषण" या शब्दात कुठे बसतं?

बौद्ध परंपरेत गुरूच्या उपकाराच्या ज्या गोष्टी आहेत त्यांत ही बारीक मोजणी सतत दिसते. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, राध नावाच्या गरीब म्हाताऱ्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. त्याला संघात घ्यायला कुणी तयार होईना. बुद्धांनी भिक्खूंना विचारलं, याने तुमच्यापैकी कुणावर काही उपकार केल्याचं आठवतं का? सारिपुत्त म्हणाले, मला आठवतं. राजगृहात भिक्षेला फिरत असताना याने मला पळीभर अन्न दिलं होतं. एक पळी. संघातला सगळ्यात बुद्धिमान मानलेला माणूस एका पळीचा हिशेब लक्षात ठेवून होता, आणि तेवढ्यावर त्याने राधाला दीक्षा दिली, शिष्य केलं. "आधारवड" म्हणणाऱ्याला ती पळी सांगता येत नाही.

सारिपुत्तांचीच दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. त्यांना धम्माची पहिली ओळख अस्सजी नावाच्या भिक्खूमुळे झाली, एका गाथेपुरती. पुढे ते अस्सजीच्या कितीतरी पुढे गेले. पण अस्सजी ज्या दिशेला राहत असतील त्या दिशेला डोकं करून ते झोपायचे. बाकीच्या भिक्खूंनी तक्रार केली, हे अजून दिशा पूजतात! बुद्धांनी खुलासा केला की दिशांची पूजा नाही, हा आपल्या आचार्याला मान देतोय. मला या गोष्टीतली तक्रार महत्त्वाची वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला कृतज्ञता आणि कर्मकांड सारखंच दिसतं. फरक कळायचा तर त्या दिशेला कोण राहतं हे माहीत असावं लागतं. विसरलं की उरते फक्त दिशा.

आपल्या काळातलं उदाहरण बाबासाहेबांचंच आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर, विल्सन हायस्कूलचे शिक्षक. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा, तिथे त्यांची ओळख झाली. परीक्षा पास झाल्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. हे आपल्याला कसं माहीत? बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्यांनी हा प्रसंग नोंदवला: कोणी दिलं, कोणत्या निमित्ताने दिलं, वाचून आपल्या मनात काय झालं. ती प्रस्तावना ग्रंथात त्या वेळी छापली गेली नाही ही गोष्ट वेगळी. केळुसकरांच्या नावाची कमान मी कुठे पाहिलेली नाही, पण ते पुस्तक हातात दिल्याचा क्षण मला माहीत आहे.

अंमळनेरला साने गुरुजींचं नाव किती ठिकाणी आहे ते मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. असावंच. पण गुरुजी म्हटलं की मला ते हाताने लिहिलेलं "छात्रालय दैनिक" आठवतं. वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज, शाईने, कुणी सांगितलेलं नसताना. एवढी एक गोष्ट माहीत असली की पाट्यांवरच्या नावात जीव येतो.

आता पैशाचं बोलू. ते बोलल्याशिवाय हा लेख अर्धाच राहील.

आप्पांनी आयुष्यभरात किती लग्नं लावली याची नोंद नाही. कितीही असोत, त्यांना मिळाला तो चहा, कधी टोपी-टॉवेल-नारळातला टॉवेल, आणि एसटीचं भाडं बऱ्याचदा तेही नाही. हे असं का झालं याला कारण आहे. 1956 ला ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणार नाही अशी प्रतिज्ञा आपण घेतली. दक्षिणा गेली, उत्तम झालं. पण दक्षिणेबरोबर मोबदल्याची कल्पनाही गेली. धम्माचं काम करणाऱ्याने पैसे मागितले तर तो भट झाला, असं म्हणायची सोय झाली. मांडवाला साठ हजार, डीजेला तीस हजार, जेवणावळ वेगळी, आणि ज्याच्या शब्दांनी लग्न लागतं त्याला एकावन्न रुपये धम्मदान. त्यातले पुन्हा विहाराच्या पेटीत टाकणारा माणूस भेटला की आपण त्याला त्यागमूर्ती म्हणतो. त्याग त्याचा, बचत आपली.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात सहा दिशांचा नवा अर्थ सांगितलाय. पूर्व म्हणजे आई-बाप, दक्षिण म्हणजे आचार्य. (दक्षिण दिशेचा हा मान आमच्या गावात कुणाला सांगून बघा. तिकडे पाय करून झोपायचं नाही एवढंच माहीत.) शिष्याने आचार्यासाठी काय करावं? उठून उभं राहावं, सेवेला हजर राहावं, ऐकण्याची आवड धरावी, त्याची कामं करावीत, आणि विद्या मन लावून शिकावी. पाचही गोष्टी जिवंत माणसासाठीच करता येतात. एकही मेल्यानंतर करायची नाही. आणि लगेच पुढे आचार्यानेही शिष्यासाठी पाच गोष्टी करायच्या आहेत: चांगलं वळण लावणं, समजेल असं शिकवणं, हातचं न राखता सगळं देणं, मित्रमंडळीत त्याचं नाव काढणं, चहू दिशांना त्याला राखणं. म्हणजे हा दोन्ही बाजूंनी बांधलेला व्यवहार आहे. गुरू देत राहतो आणि आपण नमस्कार करत राहतो, अशी सोय सुत्तात नाही.

शेवटची दोन वर्षं आप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिनिंगमध्ये पेन्शन कुठली? डोळ्याचं ऑपरेशन आम्ही पाच-सहा जणांनी पैसे जमवून केलं, तेही उशिरा. त्यात मीही आले. साडेसातचा वर्ग बंद पडला तेव्हा कुणालाही वाटलं नाही की गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला महिना तीन हजार देऊन तो चालवावा. वर्षाचे छत्तीस हजार. कमानीचं इस्टिमेट साडेचार लाख आहे. भागाकार वाचणाऱ्याने करावा.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. कमानीपेक्षा वर्ग चालवा, आप्पांनी काय केलं ते लिहायला एक वही काढा, असंही म्हटलं. तो शांतपणे ऐकत राहिला. मग त्याने जे विचारलं त्याने माझी बोलती बंद झाली.

"फुई, तुम्ही आता जळगावला राहता. ज्या वेशीतून पणजोबांना मान खाली घालून यावं लागायचं त्या वेशीवर आपल्या माणसाचं नाव लागतंय. गावात पाच कमानी आहेत, आपली एक नाही. आणि तुम्ही म्हणता वही काढा?"

याला झटकून टाकता येत नाही. नाव कुठे लागतं हा आमच्यासाठी सजावटीचा प्रश्न कधीच नव्हता. रस्त्यावर, वेशीवर, एसटी स्टँडवर नाव दिसणं म्हणजे इथे आपण आहोत हे गावाने रोज वाचणं. वर्ग चार भिंतींच्या आत चालतो, तो कुणाला दिसत नाही. मी शहरात राहून "नाव कशाला" म्हणणं सोपं आहे, माझं नाव ऑफिसच्या दारावर आहे.

वर भाचा शिकलेला. म्हणाला, "अजिंठ्यात पण कोरलंच ना?"

कोरलं. अजिंठा आमच्या जिल्ह्यात नाही, पण उतरावं लागतं जळगावलाच, म्हणून आम्ही तो आपला मानतो. 26 क्रमांकाच्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्खूचा पाचव्या शतकातला संस्कृत लेख आहे. त्यात अगदी भाच्याचाच मुद्दा आहे: जोवर माणसाची आठवण जगात आहे तोवर तो स्वर्गात आनंदात राहतो, म्हणून चंद्र-सूर्य असेतो टिकेल असं स्मारक डोंगरात करावं. आणि त्याच लेखात अचल नावाच्या स्थविराबद्दल, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूबद्दल, म्हटलंय की त्या कृतज्ञ मुनीने, स्वतः कृतकृत्य असूनही, शास्त्यासाठी शैलगृह करवलं. कृतज्ञ हाच शब्द, दगडात. म्हणजे अजिंठा माझ्या बाजूने आहे असं मला म्हणता येत नाही.

पण त्याच लेण्यात आत गेलं की डाव्या भिंतीला सुमारे 7 मीटर लांबीचा महापरिनिर्वाणातला बुद्ध पहुडलेला आहे आणि खाली शिष्य रडतायत. त्याच प्रसंगी आनंद या शिष्याला सांगितलेलं सुत्तात आहे: आता आपल्याला शास्ता उरला नाही असं समजू नका, मी सांगितलेला धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता. वारस नेमला नाही, गादी ठेवली नाही. लेखही खरा, तो पुतळाही खरा. आणि ज्यांनी ही लेणी कोरली त्यांनी नाव लिहिताना कारण गाळलं नाही. कोणी, कुणासाठी, का, हे लिहिलं. चाळीसगावकडून जवळ पडणाऱ्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर तर एवढंच आहे, की हा कान्हदास सोनाराने केला. दोन हजार वर्षांनी मला कान्हदासाचा धंदाही माहीत आहे आणि कामही. उलट अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ही तारीख टाकून आपलं नाव खरवडून ठेवलंय. शिकारीला आला होता, लेणं दिसलं, नाव टाकलं. नाव त्याचंही टिकलं.

तेव्हा भाच्याशी माझा समझोता असा झाला: कमान करा. वेशीवर नाव लागू दे, मी अकरा देते. पण "समाजभूषण" नको. नावाखाली "मापाडी, बौद्धाचार्य" लिहा. आणि खांबाच्या आतल्या बाजूला, जिथे एसटीची वाट बघत माणसं टेकतात, तिथे एक साधी फरशी लावून त्यावर त्यांनी काय केलं ते लिहा. दूध, बॅटरी, समादियामि. कमिटीतल्या एकाला "मापाडी" शब्द खटकतोय, म्हणतो हलकं वाटतं. त्यावर अजून वाद चालू आहे. छत्तीस हजारांचं पाहू म्हणतात.

फरशीवर काय लिहायचं ते ठरवण्यासाठी मी माणसांना विचारत सुटले आणि तिथे खरी अडचण सुरू झाली. जाणायचं ठरवलं की सोयीचं तेवढंच जाणता येत नाही. एकाने सांगितलं, रेशनच्या काट्याखालचा खडा आप्पांनी काढून दाखवला होता. दुसरा म्हणाला, मला त्यांनी छडीने मारलं होतं, चूक माझी नव्हती, माफी कधी मागितली नाही. तेही वहीत आहे.

आपल्याकडे हे बोलायची पद्धत नाही. गुरूचा दोष काढला की कृतघ्न. पण 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की ज्यांनी आयुष्यभर देशाची सेवा केली अशा थोरांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, मात्र कृतज्ञतेला मर्यादा असतात. आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेलचा दाखला त्यांनी दिला: स्वतःचा मान गहाण टाकून कुणी कृतज्ञ राहू शकत नाही. आणि बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना दिलेल्या सल्ल्यात, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, या यादीच्या अगदी शेवटी येतं: हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून मानू नका. गुरूनेच शिष्याला दिलेली ही परवानगी आहे. आप्पांनी अहिराणीत दिली होती, कोनी सांगं, तू पाह्यं का. ती त्यांनाही लागू होते.

मी पाहिलं होतं. आप्पांची मोठी मुलगी, आमची ताई, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. विहारात पहिल्या रांगेत बसायची. पाली तिला माझ्याहून चांगलं यायचं, जोडाक्षरावर कधी अडखळली नाही. तिचं लग्न दुधाच्या त्या रात्रीच्या आदल्या वर्षीच झालं, दहावीच्या परीक्षेआधी. आम्हा दुसऱ्यांच्या पोरींना "शिक, थांबू नको" म्हणणाऱ्या माणसाने आपली पोरगी सोळाव्या वर्षी दिली. स्थळ चालून आलं होतं, हंगाम बुडाला होता, धाकट्या दोघी होत्या. कारणं मला माहीत आहेत. सारिपुत्तांना एक पळी आठवत होती, मला हेही आठवतं.

गेल्या रविवारी नंदुरबारकडे तिच्या घरी गेले. फरशीबद्दल सांगितलं, वही दाखवली. तिने सगळी वाचली, चष्मा नाकावर घेऊन, सावकाश. दुधाच्या पानावर हसली, म्हणाली मी नव्हते तेव्हा. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"लिख. पन मनं बी लिख. दहावीना फॉर्म भरेल व्हता."

मी मान हलवली. ती चहा ठेवायला उठली आणि चुलीपाशी गेल्यावर पाठमोरीच म्हणाली, "फी आप्पानीच भरेल व्हती."